मोबाईलवर सापडलेल्या गमती

आमच्या घरात मोबाईल एकच. तो आबांचा. आबा रानातून आले की त्यांचे जेवण होईपर्यंत तो माझ्याकडे असतो. आत रेंज येत नाही, म्हणून मी ओट्यावर बसते आणि आवडेल ते वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घेते. बाई म्हणाल्या, "त्यातलं चांगलं निवडून भित्तिपत्रकाला दे." पण आजीने अट घातली, "आधी करून बघ, मग लोकांना सांग." या अटीने माझी निम्मी वही बाद झाली.

पहिला बाद झाला बिस्किटांचा केक. मोबाईलवर तो छान फुगला होता. आमचा वरून ओला आणि खालून कोळसा! डेअरीला घालायच्या दुधातले अर्धा लिटर गेले ते गेलेच. आई काही बोलली नाही. तिने फक्त दुधाचे माप माझ्यासमोर पालथे ठेवले. त्यापेक्षा रागावली असती तर बरे झाले असते. म्हणून ती कृती इथे देत नाही.

वाघ-बकरीचा खेळ सापडला, तर आजी म्हणाली, "हा तर आम्ही देवळाच्या पायरीवर खडे मांडून खेळायचो." तिने मला तीनदा हरवले. ज्याला शिकायचा असेल त्याने आमच्या ओट्यावर यावे.

आता खरी गंमत. नाशिकजवळ देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते. त्यांचा जन्म १९०५ सालचा. १९४९ साली त्यांनी साध्या वजाबाकीतून एक नवल शोधले. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. त्याच अंकांची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या करून वजाबाकी करा. उत्तराचे पुन्हा तसेच करा. शून्य आले तर तेही धरायचे. जास्तीत जास्त सात वेळा केले की ६१७४ येते आणि पुढे तेच तेच येत राहते.

मी ३५२४ घेतली. मला आले ६२८४! पुन्हा केले, पुन्हा ६२८४. दुसरी संख्या घेतली तरी तेच. मी वर्गात उभी राहून सांगितले, "बाई, कापरेकर गुरुजींचा आकडा चुकलाय." मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मला फळ्यावर बोलावले.

५४३२ वजा २३४५. मी लिहिले ३१९७. बाई म्हणाल्या, "हातचा घेतलास, पण शेजाऱ्याचा एक कमी कोण करणार?" अगं बाई! मी दर वेळी हातचा घेत होते आणि शेजारच्या अंकातून एक कमी करायचेच विसरत होते. सगळा वर्ग हसला. माझे डोळे भरून आले, पण खडू काही खाली ठेवला नाही. ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. आले!

त्या आठवड्यात मी एसटीच्या नंबरांवर वजाबाक्या केल्या. पाने भरली. पालकांनीही आपल्या गाडीचा चार अंकी नंबर घेऊन करून पाहावे, भित्तिपत्रकाखाली खडू ठेवला आहे. लहान भावंडांनी तीन अंकी संख्या घ्यावी, तिथे ४९५ येते.

आणि कुणाचे ६२८४ आले तर मला हाक मारा. कुठे चुकले ते मी न बघताच सांगेन.