बाविसावी खोली

तुमच्या फोनमध्ये ‘नंतर बघू’ म्हणून किती गोष्टी साठवून ठेवल्या आहेत? बेंगळुरूत नोकरी लागली तेव्हा माझ्याकडे नुसत्या भाड्याच्या खोल्याच एकवीस होत्या. एकीला गॅलरी, दुसरीजवळ मेट्रो, तिसरी स्वस्त. दीड महिना मी मैत्रिणीकडे सोफ्यावर झोपत होते आणि रोज यादी वाढवत होते. ती काही बोलली नाही, पण एक दिवस सोफ्यावरची उशी आत गेली.

बाविसावी खोली चामराजपेटेत होती. हा भाग १८९२ मध्ये आखून वसवलेला, म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांच्या नावाचा. सरळ मेन रोड आणि त्यांना छेदणारे क्रॉस रोड, त्यामुळे नवखं माणूसही इथे फारसं चुकत नाही. कन्नड साहित्य परिषद इथलीच. फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामनवमीला मोठा संगीत महोत्सव भरतो, तोही इथेच.

खोली लहान. खिडकीतून शेजारच्यांची भिंत. घरमालकीण अज्जी म्हणाल्या, “हवी असेल तर संध्याकाळपर्यंत सांग.” मी घाबरले. इथे डिपॉझिट म्हणजे कित्येक महिन्यांचं भाडं!

विचार करायला म्हणून चालत शेजारच्या शंकरपुरमला गेले. तिथे ‘ब्राह्मिन्स कॉफी बार’ आहे, १९६५ पासूनचा. इडली, वडा, खारा भात, केसरी भात, आणि चहा-कॉफी. संपला मेन्यू. सांबारसुद्धा नाही, फक्त चटणी. (आपल्याला वडा-सांबाराची सवय, मला क्षणभर चुकल्यासारखं झालं.) पण आजूबाजूला रस्त्यावर उभं राहून खाणाऱ्यांपैकी कोणाचीच सांबाराबद्दल तक्रार दिसली नाही. तीच चटणी पुन्हा मागून घेत होते सगळे.

तिथेच मला एक वाचलेला प्रयोग आठवला. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या अभ्यासकांनी तो २००२ मध्ये प्रसिद्ध केला. हार्वर्डमध्ये फोटोग्राफी शिकणाऱ्यांना स्वतःच्या दोन फोटोंपैकी एकच ठेवायला सांगितलं. काहींना नंतर बदलायची मुभा होती, काहींना नव्हती. ज्यांना मुभा नव्हती, त्यांना आपला फोटो जास्त आवडला. गंमत म्हणजे, विचारलं तर बहुतेकांना मुभाच हवी असते. मलाही हवी होती; सोफ्यावरचा दीड महिना त्या मुभेचाच होता.

संध्याकाळी अज्जींना हो म्हटलं आणि त्यांच्या पायरीवर बसूनच यादी पुसली. एकवीस खोल्या पुसायला मिनिटही लागलं नाही. (नळाला पाणी येतं का, हे मात्र आधी पाहिलं होतं. तुम्हीही पाहाच.)

त्या भिंतीवर सकाळी आठला ऊन पडतं आणि माझी खोली उजळते, हे मला राहायला गेल्यावर कळलं. पुढच्याच महिन्यात एका ओळखीच्यांनी लिंक पाठवली: गॅलरीवाली खोली, भाडं तेवढंच. मी ती उघडली नाही.

परवा मैत्रीण राहायला आली. येताना ती उशी घेऊन आली होती.