पामला डोकं एकच असतं!

नोकरी सोडली तेव्हा ऑफिसच्या गँगने फेअरवेल गिफ्ट म्हणून मला एक कुंडी दिली. 'आता तू घरीच बसणार ना, मग हिला पाणी घाल,' हा टोमणा त्यावर फ्री!

कुंडीत होता टेबल पाम. माझी सदाशिव पेठेतली तळमजल्याची खोली म्हणजे भरदुपारी ट्यूबलाइट लावायची जागा. मनी प्लँट सोडून तिथे काही टिकलेलं नव्हतं. हा मात्र खिडकीशी मजेत राहिला. नेटवर शोधलं तर कळलं, कॅमेडोरिया एलिगन्स हे याचं भारदस्त नाव. गाव मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलात, उंच झाडांच्या सावलीत. व्हिक्टोरियन काळात इंग्रजांनी याला दिवाणखान्यात आणून बसवलं, म्हणून तिकडे हा पार्लर पाम. थेट उन्हात पानं करपतात. अर्थात सावली वेगळी आणि अंधार वेगळा; याला कपाटामागे कोंबलंत तर जगणार नाही.

पण हा वाढतो इतका हळू की विचारू नका. आणि तेव्हा माझंही काहीच हलत नव्हतं. चार महिने झाले तरी पहिल्या लेखाचं पेमेंट नाही. 'एडिटर मीटिंगमध्ये आहेत' हे वाक्य तर पाठ झालेलं. आई तुळशीचे शेंडे खुडते, मग तिला भराभर फुटवे येतात. एका वैतागलेल्या संध्याकाळी मीही पामचे तीन शेंडे खुडले. वर रोज तांब्याभर पाणी.

फुटवे कसले येतायत! ती तीन रोपं वाळत वाळत गेली. सोलापूर रोडवरच्या नर्सरीवाल्या काकांना फोटो दाखवला, तर ते हसलेच. 'मॅडम, याला डोकं एकच असतं. ते कापलं की संपलं.' कुंडीत दिसतो तो एक पाम नसतो म्हणे, झुपका भरगच्च दिसावा म्हणून सात-आठ रोपं एकत्र लावलेली असतात. म्हणून माझी पाच वाचली. रोजचं पाणीही त्यांनी बंद करायला लावलं. वरची इंचभर माती सुकली की मगच घालायचं, नाहीतर मुळं कुजतात.

बाय द वे, 'हवा शुद्ध होते' म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर भुलू नका. नासाचा १९८९ चा तो फेमस प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी असे जुने प्रयोग पुन्हा तपासले. खऱ्या घरात फरक पडायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं हवीत, असं त्यांचं गणित. म्हणजे खोलीत कुंड्या आणि मी बोळात!

परवा आई आली. सवयीने तिचा हात शेंड्याकडे गेला आणि मी जवळजवळ किंचाळलेच. तिने मग ओलं फडकं घेतलं आणि एकेक पान पुसायला लागली. मधल्या रोपातून नवं पान भाल्यासारखं मिटून वर आलंय, ते तिलाच आधी दिसलं.

'पैसे आले का गं?' तिने पान पुसता पुसता विचारलं.

'एकाचे आले.'

'बरं,' म्हणाली आणि पुढचं पान हातात घेतलं.