रविवारी ऑफिस असतं, तेव्हाचं शिष्यपण



परदेशात मुलांना ख्रिस्ती श्रद्धेत वाढवायचं म्हटलं की आपण आधी विचारतो, चर्च जवळ आहे का? बहरीनमध्ये त्या बाबतीत आपण खरंच सुदैवी आहोत. मनामात सेक्रेड हार्ट चर्च १९३९ पासून आहे. आम्ही राहतो त्या अस्करपासून अवाली फार लांब नाही, तिथल्या मोठ्या कॅथेड्रलचं समर्पण १० डिसेंबर २०२१ ला झालं. शुक्रवारी सुट्टी, म्हणून उपासनाही शुक्रवारी. रविवारी मुलं शाळेत आणि आपण ऑफिसात.

पण शिष्यपणाची परीक्षा मला तरी त्या ऑफिसातच होताना दिसते. मी सीए, त्यामुळे मत्तय मला जवळचा. येशूने त्याला हाक मारली ती जकातीच्या नाक्यावर, कामाच्या जागी. जक्कयानेही येशू घरी आल्यावर हिशोबाचंच बोलणं काढलं: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत.

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होते. वर्षअखेरीला मला सांगितलं गेलं, कामगारांच्या जॉइनिंग डेट पुढच्या दाखवा. कारण इंडेम्निटी. तेव्हाच्या नियमाने पहिली तीन वर्षं दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार, त्यानंतर दरवर्षी पूर्ण महिन्याचा. आठ वर्षं राबलेल्या माणसाचे साडेसहा पगार होतात. कागदावर तीनच वर्षं दाखवली की दीड. म्हणजे पाच महिन्यांची कमाई एका तारखेत गायब! (मार्च २०२४ पासून मालकाला ही रक्कम दरमहा सरकारी विमा संस्थेकडे भरावी लागते, हे बरं झालं.)

“सगळेच करतात, मॅडम,” असं म्हणाले. मी सही केली नाही. तीन महिन्यांत माझी नोकरी गेली.

इथे नोकरी जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आमचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर होता म्हणून निभावलं. तरी त्या वर्षी गावी जाणं रद्द झालं, मुलीचा पोहण्याचा क्लास बंद झाला. ती चिडून म्हणाली, “तू सही केली नाहीस, आणि क्लास माझा का बंद?”

प्रश्न बरोबर होता. शिष्यपणाची किंमत एकटा माणूस क्वचितच भरतो, घर भरतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात होते. आमच्या नगरकडे त्यांची भजनं अजून गातात. पण त्यांच्या हातात पैसा टिकत नसे, आणि तेव्हा घर कसं चालायचं, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वाचावं.

मुलीला मी हिशोबच दाखवला. नावं झाकून ती यादी कागदावर मांडली, साडेसहा आणि दीड. तिने स्वतः वजाबाकी केली. मग म्हणाली, “त्यांच्याही मुली असतील ना?” क्लासचं दुःख गेलं नाही, पण ते कशासाठी आहे हे तिला कळलं.

म्हणून दोन गोष्टी सुचवते. एक, जमेल तसे सहा महिन्यांचे घरखर्चाचे पैसे बाजूला ठेवा. हातात पैसे असले की ‘नाही’ म्हणायला बळ येतं. श्रद्धा कमी म्हणून हे करायचं असं नाही, आपली सही विकायची वेळ येऊ नये म्हणून करायचं. दोन, आपण कामावर कुठे नाही म्हटलं आणि त्याचं काय मोल पडलं, ते मुलांना वयानुसार सांगा. उपासनेला आपण त्यांना नेतोच. आपलं ऑफिस मात्र त्यांना दिसत नाही.

तुमच्या घरी अशी वेळ आली तेव्हा मुलांना काय सांगितलंत? वाचायला आवडेल.