थोरल्याचे पान

आमोण्याहून नार्व्यास जावे, तेथून फेरीबोटीने मांडवी ओलांडावी, की दिवाडी बेट लागते. टेकडीवरचे पांढरे चर्च दुरूनही दिसते. नार्व्याचा सप्तकोटेश्वर मूळचा याच बेटावरचा. पोर्तुगीज अमलात तेथले देऊळ गेले, देव नदीअलीकडे आला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी येथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देव प्रेमस्वरूप आहे असे सांगणाऱ्यांच्याच राज्यात हे घडले! त्यामुळे त्या प्रेमाविषयी काही ऐकावे, अशी उत्सुकता आम्हांस कधी नव्हती. ती उत्पन्न झाली एका घरगुती रुसव्यातून.

आमचा धाकटा भाऊ ऐन उमेदीत आपल्या वाट्याचे माडांचे भाट विकून मुंबईस गेला. सोळा वर्षे पत्र नाही. बाबांचे दुखणे, शेताचे बांध, बहिणीचे लग्न, सारे आम्ही निभावले. एके दिवशी तो रिकाम्या हाताने परतला. ज्यांना आधाराशिवाय उठवत नसे ते बाबा ओसरीवरून उठून अंगणात गेले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. त्या रात्री पाने मांडली गेली. आम्ही भूक नाही असे सांगून मागीलदारी बसून राहिलो.

दिवाडीचे एक ख्रिस्ती शिक्षक आमचे सहकारी होते. त्यांच्यापाशी हे बोललो, तेव्हा उपदेश न करता त्यांनी मराठी बायबलातील लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय उघडून दिला. उधळ्या पुत्राचा दृष्टांत कोणास ठाऊक नसतो? पण आम्ही तो थोरल्या मुलाच्या बाजूने वाचला. इतकी वर्षे राबलो, पण मित्रांसवे आनंद करावयास एक करडूही मिळाले नाही, ही त्याची तक्रार आम्हांस आपलीच वाटली. असला देव न्यायी कसा, असे म्हणून पुस्तक मिटले.

थोरल्याची समजूत घालण्यासाठी बाप मेजवानी सोडून बाहेर येतो, जे माझे ते सारे तुझेच असे म्हणतो, हे पुष्कळ दिवसांनी ध्यानात आले. आणि त्यासरशी आठवले: त्या रात्री बाबा भिंत धरीत धरीत मागीलदारीही आले होते. "चल, वाढलेले निवते आहे," म्हणाले होते. भावासाठी ते उठले, एवढेच आम्ही मोजत राहिलो होतो.

भाटाची वाटणी झाली की प्रत्येकाचे कमी होते. प्रेमासही आम्ही तेच माप लावले. पौलाने इफिसकरांस लिहिताना ख्रिस्ताच्या प्रेमाची रुंदी, लांबी, उंची, खोली ओळखावी असे म्हटले, आणि लगोलग ते ज्ञानापलीकडचे आहे असेही म्हटले. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये साष्टीत रायतुरास छापले गेले. एवढ्या ओव्या रचूनही विषय पुरा झाला, असे त्यांस वाटले असेल काय?

थोरला अखेर आत गेला की नाही, हे दृष्टांतात सांगितलेले नाही. बाबांना जाऊन आता नऊ वर्षे झाली. भाऊ घराच्या पलीकडच्या खोल्यांत राहतो. दर चवथीस तो आपल्या शेजारी आमचे पान मांडतो, आणि ते रिकामे राहते. यंदाच्या चवथीस अजून तीन आठवडे आहेत.