इम्प्लांट राहतं, सर्जन जातो

प्रॅक्टिस आवरती घ्यायचा विचार सुरू झाल्यापासून एक हिशेब काही केल्या जुळत नाही. मी बसवलेली बरीच ब्रेस्ट इम्प्लांट्स माझ्या निवृत्तीनंतरही त्या बायकांच्या छातीत असतील. त्यांच्यावर तेव्हा लक्ष कोणी ठेवायचं? चीर काखेत घ्यावी की स्तनाखालच्या घडीत, इम्प्लांट स्नायूच्या वर ठेवावं की खाली, यावर आम्ही तासन्‌तास भांडू शकतो. दहाव्या वर्षाचा विषय निघाला की मात्र सगळ्यांना चहाची आठवण होते. माझं म्हणणं असं, की ही देखरेख ऑपरेशनचाच भाग आहे आणि ती सर्जनच्या हातावर किंवा हयातीवर अवलंबून ठेवता येत नाही.

सगळी अडचण बोटांपाशी येते. इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करतं ती कॅप्सूल; ती आवळली तर बोटांना कळतं. आवळलेपणा मोजायच्या बेकरच्या चार श्रेणी त्यावरच उभ्या आहेत. सलाइनचं इम्प्लांट फुटलं तर पाणी शरीरात शोषलं जातं, स्तन बसतो आणि बाई आपणहून येते. पण सिलिकॉन जेलचं कवच फाटलं, की बहुतेक वेळा जेल कॅप्सूलच्या आतच राहतं. आकार तोच, मऊपणा तोच. मॅमोग्राफीत सिलिकॉन पांढरंफटक दिसतं, त्यामुळे आतल्या फाटीचा पत्ता सहसा लागत नाही. कॅन्सरच्या तपासणीसाठी ती करायचीच, फक्त इम्प्लांट असल्याचं आधी सांगायचं, म्हणजे ते मागे सरकवून जादा फिल्म घेता येतात. फाटीसाठी सोनोग्राफी हवी. शाबूत कवच तिथे सलग, गुळगुळीत रेघेसारखं दिसतं आणि आतलं जेल काळंभोर. कवच फाटून आत कोसळलं, की त्या काळ्यात आडव्या तुटक रेघा एकाखाली एक दिसतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. जेल कॅप्सूलबाहेर गेलं असेल तर पांढरं धुकं पसरतं आणि मागचं सगळं पुसलं जातं. उभा जन्म स्पर्शाच्या जोरावर मिरवलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. कौतुक झालं ते माझ्या बोटांचं, आणि खरी बातमी आणतो तो रेडिऑलॉजिस्टचा प्रोब.

अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने 2006 साली जेल इम्प्लांट पुन्हा सर्रास वापरायला परवानगी दिली, तेव्हा तिसऱ्या वर्षी एमआरआय आणि पुढे दर दोन वर्षांनी, असा सल्ला दिला. एवढा खर्चिक सल्ला बहुतेक जणींनी पाळला नाही. 2020 मध्ये तो बदलला: त्रास नसेल तर पाचव्या-सहाव्या वर्षी सोनोग्राफी किंवा एमआरआय, मग दर दोन-तीन वर्षांनी. यावर काही समव्यावसायिकांचा आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाही. त्रास नसलेली फाट शोधून मिळवायचं काय? सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर ठरते; चुकीचा रिपोर्ट आला तर बाई उगाच टेबलावर जाते. शिवाय सिलिकॉनमुळे अंगभर पसरणारे आजार होतात याला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 1999 सालीच सांगितलं होतं. हे मान्य करूनच उत्तर देतो. रिपोर्ट संशयास्पद असेल तर सुरी उचलण्याआधी एमआरआय करावा. पण बाहेर पडलेलं जेल काखेतल्या गाठींपर्यंत पोचतं, आणि कॅन्सरनंतर स्तन पुन्हा घडवलेल्या बाईच्या काखेत गाठ लागली, की पहिली शंका कॅन्सर उलटल्याचीच येते. जेल आधीच बाहेर पडलंय हे ठाऊक असेल तर बायोप्सी टळेलच असं नाही, पण ती गाठ कशाने आली असावी याचा विचार तरी योग्य दिशेने सुरू होतो.

आणि देखरेख म्हणजे केवळ फाट शोधणं नव्हे. बसवल्यावर कित्येक वर्षांनी, बहुधा आठ-दहा, एक स्तन अचानक सुजला, तर आत साचलेलं पाणी काढून फेकून देणं हा अपराध आहे. ते पेशींच्या तपासणीला आणि सीडी30 चाचणीला गेलंच पाहिजे, कारण मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती होणारा एक दुर्मीळ लिम्फोमा असाच समोर येतो. वेळेत सापडला तर इम्प्लांट आणि कॅप्सूल पूर्ण काढून बहुतेक जणी बऱ्या होतात. या लिम्फोमामुळेच 2019 च्या जुलैमध्ये अ‍ॅलर्गनने आपली खरखरीत बायोसेल इम्प्लांट्स जगभरातून मागे घेतली. त्याआधी 2010 मध्ये फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने इम्प्लांटमध्ये औद्योगिक सिलिकॉन भरल्याचं उघड झालं. दोन्ही वेळा देशोदेशीच्या बायकांपुढे पहिला प्रश्न होता: माझ्या आत नेमकं कोणतं आहे? नेदरलँड्सने 2015 पासून राष्ट्रीय नोंदवही ठेवली आहे, त्यात इम्प्लांटही असतं आणि नंतरची दुरुस्तीही. अशी वही आपल्याकडेही हवी.

आपल्याकडे ते जमणार नाही, असं म्हणतात. बायका फिरकत नाहीत, नंबर बदलतात, सासरी कोणाला सांगितलेलं नसतं. खरं आहे, म्हणूनच कागद माझ्या कपाटात नव्हे, तिच्याकडे हवा. कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर, माप, तारीख, स्नायूच्या वर की खाली. मोबाइलमध्ये त्याचा फोटो. जाहिरातीतली ‘लाइफटाइम वॉरंटी’ फार तर नवी पिशवी देते, देखरेख देत नाही. उलट दहा वर्षं झाली की बदलायलाच हवं, हा धाकही दुकानदारीच. तक्रार नसेल आणि तपासणी ठीक असेल तर निव्वळ तारीख उलटली म्हणून ऑपरेशन करू नये.

नोंदवहीला आमचा खरा विरोध वेगळाच आहे. सहाव्या महिन्याच्या फोटोवर प्रत्येकाला आपलं नाव हवं असतं, पंधराव्या वर्षीच्या फाटीवर नको असतं. मीही त्यातलाच. शिवाय पेशंटने काहीही झालं तरी आपल्यालाच शोधत यावं, ही हाव माझ्यातून अजून गेलेली नाही. माझ्या नावावाचून तिचं काम अडू नये अशी सोय करणं मला मनापासून आवडत नाही, पण करावी लागेल ती तीच.