दहा हीट

विमानाच्या लँडिंग गिअरसाठी वर्षानुवर्षं ३००एम नावाचं पोलाद वापरतात. आपल्या स्लॅबमधल्या सळईवर ५०० लिहिलेलं असतं ना, ते मेगापास्कल. तेवढ्या ताणाला सळई कायमची लांबायला लागते. ३००एम तोडायला १९००च्या वर लागतात! पण ते गंजतं. म्हणून त्यावर कॅडमियमचा मुलामा. कॅडमियम विषारी, कॅन्सर करणारं. शिवाय मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं, म्हणून परत तासन्‌तास भट्टीत तापवायचं. म्हणजे एका औषधावर दुसरं औषध.

ग्रेग ओल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली शिकागोजवळ इव्हॅन्स्टनला क्वेस्टेक ही कंपनी काढली. त्यांनी सहज न गंजणारं पण तेवढंच ताकदवान पोलाद चक्क कॉम्प्युटरवर आखलं. नाव फेरियम एस५३. क्रोमियम १० टक्के, कोबाल्ट १४, निकेल साडेपाच, कार्बन जेमतेम ०.२१. ताकद येते ती नॅनोमीटरमध्ये मोजायच्या कार्बाइडच्या कणांमुळे.

इथवर वाचून मी खूश. आमच्याच जातीची माणसं की ही! पण खरी गंमत पुढेच आहे. मुठीएवढा नमुना झकास जमतो, टनावारी ओतलं की लोखंड सावकाश थिजतं, कडेला एक मिश्रण आणि मध्यभागी भलतंच. म्हणून निर्वात भट्टीत वितळवायचं, मग निर्वातातच आर्कनं पुन्हा वितळवायचं. एवढं करून कचऱ्याचा एक बारीक कण राहिला तरी तडा तिथूनच सुरू होतो.

आणि मग आकडे. अमेरिकेत विमानाच्या धातूंचं जे हँडबुक आहे, त्यात भरवशाचा आकडा छापायचा तर निरनिराळ्या दहा हीटमधले किमान शंभर नमुने तोडावे लागतात. शंभरातले नव्याण्णव ज्याच्या वर राहतील तो आकडा हवा. सरासरी कोणी विचारत नाही. (सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे पटेल.) पुण्यातला माझा फोर्जिंगवाला मित्र म्हणतो, "तुमचं बरंय रे, सोमवारी चुकलं की मंगळवारी पॅच." खरंय. हवेत गेलेल्या लँडिंग गिअरला कसला पॅच?

एस५३ टी-३८ विमानावर उडालं ते डिसेंबर २०१० मध्ये. आता अडचण किमतीची. कोबाल्ट महाग, जगातलं बहुतेक काँगोतून येतं आणि भाव कधी उसळेल सांगता येत नाही. त्याच कंपनीच्या पुढच्या फेरियम एम५४ मध्ये कोबाल्ट बरोबर निम्म्यावर आणलंय, सात टक्के. दहा हीट मात्र त्यालाही चुकल्या नाहीत.