पेटीवाले

आमच्या घरात पेटीला स्वतंत्र कोनाडा होता आणि तिच्यावर कुणी काही ठेवलेलं नानांना खपत नसे. दिवसा वाईच्या शाळेत मास्तरकी आणि संध्याकाळी पेटी, यात नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जन्म गेला. दुहेरी सुरांची ती पेटी आजोबांनी एका नाटक कंपनीच्या लिलावात घेतली, अशी घरातली दंतकथा. खरंखोटं कुणी तपासलं नाही. पण बोलपट आले तशा कंपन्या बसत गेल्या आणि त्यांचे पडदे, मुकुट, वाद्यं गावोगाव विकली गेली, तेव्हा अशक्यही म्हणता येत नाही.

हिवाळ्यात कृष्णाबाईचा उत्सव लागला की पेटी घाटावर जायची. वाईत घाटाघाटाचा उत्सव वेगळा, मांडव वेगळा, कीर्तनकार वेगळे. परगावचे बुवा दुपारच्या एसटीने येत, चहा घेत आणि संध्याकाळी उभे राहत. आज कुठली पट्टी, हे विचारायची सोय नसे, कारण ते बुवांनाही ठाऊक नसे. काल काळी दोन लागली असेल, आज जागरणाने घसा बसून पांढरी एकवर आलेली असेल. पूर्वरंगाचं निरूपण चालू असताना नाना भाता अगदी हलका हलवत बुवांचं नुसतं बोलणं ऐकत बसत. माणूस तावातावाने बोलतो तेव्हा कुठल्या सुरावर चढतो, यावरून त्याचा षड्ज हेरायचा. बुवा बोलता बोलता साकी उचलायचे आणि पेटी त्याच सुरावर आधीच येऊन बसलेली असायची. श्रोते बुवांना दाद देत. नानांकडे कुणी पाहत नसे आणि नानांचीही कधी तक्रार नसे.

या वाद्याची कुंडली पाहिली तर ते उपरंच. पॅरिसच्या अलेक्झांडर दबॅंने 1842 साली पेटंट घेतलेलं, पायाने भाता मारायचं. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला जमिनीवर बसवलं, भाता मागे नेला, एक हात भात्याला आणि एक पट्ट्यांना दिला. मांडी घालून गाणाऱ्यांच्या देशात ते रुळायला मग वेळ लागला नाही. महाराष्ट्रात त्याला घर मिळालं ते संगीत रंगभूमीवर आणि कीर्तनात. गंधर्व नाटक मंडळीत पायाने वाजवायचा ऑर्गनच होता. हरिभाऊ देशपांडे तो वाजवत. बालगंधर्वांचं गाणं ज्यांनी प्रत्यक्ष ऐकलं, त्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात तिरखवाँसाहेबांच्या तबल्याबरोबर तो ऑर्गनही येतोच.

पेटीवाल्याला स्वतःचं नाव मिळवून दिलं ते गोविंदराव टेंबे यांनी. 1881 साली जन्मलेले कोल्हापूरकडचे गोविंदराव. भास्करबुवा बखल्यांना साथ करता करता त्यांनी बुवांची गायकी पेटीत उतरवली आणि 1911 साली ‘मानापमान’ला चाली दिल्या. पुढे 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात हरिश्चंद्रही झाले. नट, संगीतकार, लेखक आणि पेटीवादक असा माणूस. नाना त्यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावत. मला लहानपणी ते गायक घराण्यातल्या लोकांचं खूळ वाटे. आमच्या घराचं घराणं हेच, हे पुढे उमगलं.

मग बंदी आली. मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओने पेटी हद्दपार केली. तेव्हा रेडिओचे प्रमुख होते लायनेल फील्डन. रवींद्रनाथांचाही पेटीला कडवा विरोध होता. आक्षेप खोटा नव्हता. पेटीचे बारा सूर ठोकून बसवलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, म्हणजे मींड, तिला जमत नाही. श्रुतींचे बारकावे तिच्या हिशेबात नाहीत. शिवाय तिच्यामुळे सारंगियांच्या पोटावर पाय आला, हेही खरंच. बंदी सैल झाली ती 1970 च्या दशकाच्या आरंभी. मधल्या तीस वर्षांत गंमत अशी, की 1955 साली आकाशवाणीत नोकरीला लागलेले पु. ल. देशपांडे स्वतः हौसेने आणि फार चांगली पेटी वाजवत. आमच्या नानांना रेडिओ मनापासून आवडे. त्यात पेटी नाही याचं त्यांना काही वाटत नाही, असं ते म्हणत. पण गाणं लागलं की बोटं गुडघ्यावर चालत.

पुण्यात कॉलेजला गेले आणि सवाई गंधर्व महोत्सवात आप्पा जळगावकर ऐकले, तेव्हा नाना काय करतात ते मला नीट कळलं. जालन्याकडच्या जळगाव नावाच्या खेड्यातले आप्पा आधी गाणं शिकलेले होते आणि ते वाजवण्यात दिसे. गायक आलापात पुढे जात असताना आप्पांची पेटी किंचित मागून यायची. तान लांबली की ती शेपूट धरून ठेवी. गायकाने श्वास घेतला की तेवढीच मोकळी जागा भरून समेपाशी बाजूला होई. दरबारीचा तो झुलता गंधार तर पेटीत नाहीच. तिथे पेटी जवळजवळ थांबायची, भात्याचा दाब ओसरायचा, आणि गायक ऋषभावरून षड्जावर उतरला की ती पुन्हा हजर. जे आपल्याला येत नाही ते गाणाऱ्याच्या हवाली करून गप्प बसायचं, ही अक्कल रियाजाने येत असेल, पण केवळ बोटांच्या रियाजाने नव्हे.

तुळशीदास बोरकरांचंही तेच. गोव्यातल्या बोरीचे, 1934 चा जन्म. मधुकर पेडणेकरांकडे, म्हणजे पी. मधुकरांकडे, पेटी शिकले आणि छोटा गंधर्वांच्या सहवासात गाणं. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा नाना हयात नव्हते. असते तर शेजारीपाजारी पेढे वाटले असते, जणू घरातल्याच कुणाला मिळाली.

नानांची पेटी माझ्याकडे आली ती सांगलीत संसार थाटल्यावर. एका पावसाळ्यात दोन पट्ट्या फुगून रुतल्या आणि मध्य सप्तकातला कोमल धैवत कण्हू लागला. दुरुस्तीवाल्या काकांनी पट्ट्या उपसल्या, खालची फळी सोडवली आणि सुरांची रांग उघडी केली. धंद्यातले लोक त्या पितळी पातीलाच सूर म्हणतात. पातीच्या टोकाशी खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. काकांनी धैवताच्या पातीखाली ब्लेडचं पातं सरकवलं, कानसीचा एकच हलका हात बुडाशी दिला, तोंडाने हवा ओढून ऐकलं, मान हलवली, पुन्हा एक हात. जास्त घासलं तर पाती तुटते आणि तसा जुना सूर आता मिळत नाही. भात्याची उंदराने खाल्लेली घडी चामडं डकवून बुजवली आणि आत कडुनिंबाचा पाला ठेवायला बजावलं. तंबोरेवाल्यांच्या मिरजेशेजारी राहून पेटी सांभाळणाऱ्या माझ्याकडे ते थोडं कौतुकाने, थोडं कीव केल्यासारखं बघत होते.

आता स्वतंत्र पेटीवादनाच्या मैफली होतात, श्रुतींचा हिशेब सांभाळणाऱ्या पेट्याही तयार झाल्या आहेत. मी ऐकते, आवडतंही. पण पेटीची खरी परीक्षा मला अजून साथीतच वाटते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी आधी गायला लावते. त्यांना कंटाळा येतो; पट्ट्या समोर असताना गळा कशाला, असा त्यांचा सवाल. आमच्या वाद्याला सगळं वाजवता आलं असतं, तर पेटीवाल्याला इतकं ऐकायची गरजच पडली नसती. फील्डनसाहेबांनी पेटीतलं उणं बरोबर हेरलं होतं; ते उणं भरून काढणारी माणसं मात्र त्यांच्या यादीत नव्हती.